उलटी धरलेली लेन्स

एकदा एक मुलगी आपल्या गुरूच्या दुकानात शिरली, ती पायातली चप्पल भिरकावूनच.

गुरू म्हणजे कोकणातल्या एका लहानशा गावचा वृद्ध छायाचित्रकार. लोकांचे पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला होता. गाव त्याला तात्या म्हणे. मुलगी त्याच्याकडे फोटो काढायला शिकत होती. त्या दिवशी ती ग्रामसभेतून थेट आली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

कारणही तसेच होते. गावावरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, एका चिऱ्याच्या व्यापाऱ्याला खाणीसाठी हवा होता. त्या कातळावर पावसाळ्यात नखाएवढी फुले आणि किडे खाणारी इवली रोपे उगवतात, हे मुलीला ठाऊक होते. म्हणून तिने उंचावर उभे राहून अख्ख्या सड्याचा भलामोठा फोटो काढला आणि सभेत लावला. व्यापारी हसला. म्हणाला, "बघा मंडळी, हिच्याच फोटोत नुसता दगड दिसतोय." सभाही माना डोलवत हसली. दगड विकणाऱ्याला सगळीकडे दगड दिसावा, हे मी समजू शकतो. पण ज्यांची गुरे पिढ्यान्पिढ्या त्या सड्यावर चरली, त्यांनी माना डोलवाव्यात? मला त्या व्यापाऱ्यापेक्षा त्या मानांचाच राग अधिक येतो. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला, एवढेच नशीब.

"तात्या, बारीक वस्तूंचे फोटो काढायची ती मॅक्रो लेन्स मला पाहिजे. कुठूनही आणा. त्याशिवाय काही होणार नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," तात्या म्हणाला.

"मला अंगणच नाही!" मुलगी ओरडली.

तात्या उठला. त्याने तिचा कॅमेरा घेतला, त्याची एकुलती एक जुनी लेन्स काढली, उलटी केली, आणि तिचे पुढचे तोंड कॅमेऱ्याला टेकवून हाताने धरली.

"चेष्टा करताय माझी? धूळ जाईल आत! हा एकच कॅमेरा आहे माझ्याकडे."

"चल सड्यावर," म्हातारा एवढेच बोलला.

सड्यावर तात्याने तिला एका दवबिंदूपुढे पालथे झोपवले. दवबिंदू हे त्या किडे खाणाऱ्या रोपाचेच नाव. मुलीने उलट्या लेन्समधून पाहिले, तर सगळे धुके. तिने लेन्सचे कडे फिरवले, फरक पडेना. दात-ओठ खात तिने फोटोंवर फोटो काढले, ते सारे पुसट आले. तिने कातळावर मूठ आपटली.

तेव्हा तात्या तिच्याजवळ बसला. "लेन्स सरळ धरली की मोठा डोंगर लहान होऊन आत येतो. उलटी धरली की लहान जीव मोठा होतो. पण मग कडं फिरवून भागत नाही. चार बोटांवर जाऊन तुला स्वतःलाच केसभर पुढं-मागं व्हावं लागतं. आणि बाय, इथं सगळंच मोठं होतं, हाताची थरथरसुद्धा. तुझा राग खरा आहे. मलाही त्या सभेची चीड आली. तो राग पायांत ठेव, तो तुला रोज इथवर चढवून आणील. हातांत उतरला, तर तो त्या व्यापाऱ्याचंच काम करतो. फोटोत पुन्हा काही दिसत नाही."

मुलीने कोपरे कातळाला टेकली. लेन्सच्या सांध्याभोवती तळवा धरला, म्हणजे उजेड आणि धूळ आत शिरणार नाही. तात्याने बाजूला पांढरा कागद धरून कोवळे ऊन रोपावर वळवले. तिने श्वास सोडला आणि किंचित पुढे झुकली. राग कुठेही गेला नव्हता. तरीही एक फोटो स्वच्छ निघाला.

पुढच्या सभेत तो भिंतीवर दिसला. लालभडक केस, प्रत्येकाच्या टोकावर चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेले चिलट, त्याच्या पंखांवरच्या शिरांसकट. सभा पुढे सरकून पाहू लागली.

"छान आहे हो," व्यापारी म्हणाला. "कुठल्या देशातलं म्हणायचं हे?"

"आपल्या सड्यावरचं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "काल तुम्ही जागा बघायला आलात, तेव्हा तुमची जीप याच्यावर उभी होती. आज तिथं काही नाही."

कुणी हसले नाही. सरपंचांनी खाणीच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. व्यापाऱ्याच्या मेहुण्याचा तेवढा हात वर गेला, तोही कानापर्यंतच.

सडा वाचला. पण मुलगी काही आनंदली नाही. ते एक रोप आता परत येणार नव्हते, आणि भिंतीकडे बघत बसलेल्या साऱ्या गावाला काय गेले ते पहिल्यांदाच कळत होते.