एका पायावरची परीक्षा

माणसाने पहिली होडी बनवली त्याच्याही आधीची गोष्ट. बगळ्यांच्या बेटावर दूर डोंगराकडून एक सुतारपक्षी आला. "खोडावर चोच मारली की आत कीड आहे का ते मला कळतं, आणि मी ती काढतोही!" तो उत्साहाने म्हणाला.

"ते राहू दे," बेटाचे प्रमुख बगळेआजोबा म्हणाले. "आधी पाण्यात एका पायावर उभा राहून दाखव."

सुतारपक्षी धपकन पडला. मग त्याला माशांचे काटे उचलायचं काम मिळालं आणि ठकठक करायला बंदी झाली.

एका सकाळी काटे उचलताना त्याची चोच घरट्यांनी भरलेल्या मोठ्या झाडाला लागली. आवाज ऐकताच तो ओरडला, "आजोबा, बंदी गेली खड्ड्यात! झाड आतून पोखरलंय, पिल्लांसकट पडेल!"

आणि ठक ठक ठक! एकामागून एक गलेलठ्ठ अळ्या बाहेर पडू लागल्या. बगळे पंख फडफडवत नाचायला लागले. दुपारपर्यंत रांग लागली. "आमचंही झाड बघा ना, सुतारभाऊ!"

दुसऱ्या दिवशी बेटावर एक दमलेली सुगरण उतरली. आजोबांनी सवयीने एक पाय वर उचलला. मग तो हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, तुला काय काय येतं?"