कोंसूबायने दिलेली उशी

दोन वस्तूंतली एक आपल्या लेकीला आणि एक परक्याच्या लेकीला द्यायची झाली, तर तुमचा हात आधी कोणत्या वस्तूकडे जाईल?

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या मानकेपाड्यात कोंसूबाय राहत होती. तिथल्या स्त्रिया लेस विणत. मांडीवर घट्ट भरलेली उशी घ्यायची, तिच्यात टाचण्या रोवायच्या आणि त्यांच्याभोवती लाकडी कांड्यांचे दोरे फिरवायचे, अशी ती कला. उशी पोकळ असली तर टाचणी कलते. दमट असली तर टाचणी गंजते. आईची उशी लेकीला पुरावी, इतकी ती टिकाऊ हवी. म्हणून ती कोंसूबायने निवडावी, असा रिवाज होता. उशीच्या कापडाला जीभ लावून ती आतला पेंढा कोणत्या शेतातला ते सांगे, असे म्हणतात.

एका वर्षी पुढच्या ईस्टरच्या वेदीसाठी लेस हवी होती. जिची लेस वेदीवर चढेल, तिला मठाच्या विणकामघरात जन्माची भाकरी मिळणार होती. मठाच्या मदरने दोन उश्या पाठवल्या. एक कोंसूबायच्या लेकीला, जसिंताला द्यायची होती, एक ब्रिजितला. ब्रिजितला बाप नव्हता आणि आई आंधळी होती.

कोंसूबायने दोन्ही उश्यांना जीभ लावली. एकीत भाताचा पेंढा होता. दुसरीत खाजणातले, खाऱ्या चिखलात वाढलेले गवत होते, आणि पाऊस लागताच त्यातला खार पाझरणार, हे तिला कळले. ती उशी तिने ब्रिजितला दिली.

“बाय, ही जरा गार लागते गं,” ब्रिजित म्हणाली.

“तू पारखायला लागलीस? मग मी आता चूल फुंकत बसते.”

बायका हसल्या. ब्रिजित ओशाळून विणायला बसली.

पावसाळ्यात तिच्या लेसवर प्रत्येक टाचणीपाशी तांबडा डाग उठला. मदर म्हणाली, “हात धुऊन बसावे, मुली.” कोंसूबाय शेजारी उभी होती. ती बोलली नाही. हे तिचे दुसरे पाप, आणि ते पहिल्याहून मोठे. ब्रिजितची लेस परत आली, आणि पावसाळा सरल्यावर ती मिठागरावर मीठ वाहू लागली.

ईस्टरला जसिंताची शुभ्र लेस वेदीवर चढली. मेणबत्त्या पेटल्या, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत त्या लेसवर एकामागून एक तांबडे डाग उमटत गेले, असे म्हणतात. कोंसूबाय गुडघ्यांवर आली. “ती खारी उशी मी जाणून दिली,” ती म्हणाली. तिला मान वर करवली नाही.

ब्रिजितला परत विणायला बोलवायला जसिंता स्वतः मिठागरावर गेली. ब्रिजितने तिला आपले फाटलेले तळहात दाखवले. “दोरा आता यांत अडकतो, जसिंते. तू जा.”

आजही मानकेपाड्यात जी उश्या निवडते, ती सर्वांना देऊन शेवटी उरलेली उशी आपल्या घरी नेते. तिला ‘कोंसूचा वाटा’ म्हणतात.

देवाने कोंसूबायला क्षमा केली असेल. तो त्याचा अधिकार. गावानेही तिला वाळीत टाकले नाही. ती रोज दारात बसे, आणि उश्या घेतलेल्या मुली तिला नमस्कार करून त्या पारखून घ्यायला पुढच्या दारी जात. जसिंतानेही आपली पुढची उशी परक्या बाईकडून पारखून आणली, आणि आईच्या समोर बसून ती मांडीवर घेतली.