साकवावर आधी कोण

त्या मुलखात दोन डोंगर होते, मधे खोल दरी होती आणि दरीवर एकच साकव होता. तोही इतका अरुंद, की एका वेळी एकानेच जावे. जो आधी येईल तो आधी जाईल, असा नियम होता. साकव राखणाऱ्या काटेरी गिरजा साळूला त्या नियमाचा फार अभिमान. रेडे दगड नेत, गाढवे धान्य नेत, आणि खारी शब्द नेत. एका खारीच्या तोंडात एकच शब्द मावे. वाटेत खोळंबा झाला की तो बत्ताशासारखा विरघळून जाई.

एके सकाळी पलीकडच्या डोंगरावर एक हरिणी अडली. सुईण वानरी अलीकडे पाय मोडून पडलेली. तिने निरोप देऊन चार खारी धाडल्या. जाणाऱ्या खारीच्या गालाला कान लावून शब्द ऐकायची गिरजाला सवय होती. पहिलीकडे होते ‘मान’, दुसरीकडे ‘धरून’, तिसरीकडे ‘ओढायची’. चौथी जराशी मागे पडली, आणि तेवढ्यात धोंडबा रेडा आपला चाळीस रेड्यांचा तांडा घेऊन साकवाच्या तोंडाशी आला.

चौथीच्या गालात शब्द होता, ‘नाही’.

गिरजाच्या अंगावरचे सगळे काटे ताठ झाले.

“धोंडबा, मागं सर!”

“का म्हणून? आम्ही आधी आलोय.”

“अरे, तुझे दगड उद्याही दगडच राहतील. हिचा शब्द आत्ता विरतोय!”

धोंडबाने खारीकडे पाहिले. तिचा फुगलेला गाल बसत चालला होता. त्याने अशी हाळी दिली की चाळीसच्या चाळीस रेडे मागे सरले. खार सुसाट सुटली. सगळा काठ पलीकडे नजर लावून उभा राहिला. मग पलीकडून एक खार उधळत आली, आणि गिरजाने कान लावायच्या आधीच ओरडली, “जगलं!”

रेडे धुरळा उडवीत नाचले.

दुसऱ्या दिवसापासून खारींची रांग वेगळी झाली. ओळखीसाठी गिरजाने त्यांच्या गळ्यात तांबडा दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी गाढवांच्या गळ्यात तांबडे दोरे दिसले, चौथ्या दिवशी कासवाच्याही. गिरजाने सगळे दोरे तोडून दरीत फेकले.

“दोरा नको. तोंड दाखवा.”

मात्र खारींचा ओघ थांबेना आणि धोंडबा दुपारपर्यंत उन्हात तिष्ठत राहिला, तेव्हा तिलाच वाईट वाटले. दर दहा खारींमागे एक रेडा सोडायचा, असे तिने ठरवले. “दगड पोचले नाहीत तर तिकडं घरं कशी उठतील?” ती म्हणाली.

मग एक दिवस राजाचा हत्ती आला. अंगावर जरीची झूल, गळ्यात घंटा, पुढे चोपदार कोल्हा.

“बाजूला व्हा! दरबारचं काम आहे!”

“आ करा, गजराज,” गिरजा म्हणाली.

काठावर कुणाची शेपटीही हलेना. हत्तीने आ केला. गिरजाने आत डोके घातले, बराच वेळ कान देऊन ऐकले, आणि बाहेर येऊन एका काट्याने मागची रांग दाखवली.

जरीची झूल सावरत हत्ती शेवटच्या रेड्यामागे जाऊन उभा राहिला. त्याच्या पोटाखालून, गाल फुगवलेली एक खार साकवाकडे धावत सुटली.