ढगांवर भुंकणारा कुत्रा

डोंगर उतरता उतरता जंगल जिथे विरळ होते आणि भातखाचरे सुरू होतात, तिथे एका कौलारू घरात एक कुत्रा आणि एक मांजर राहत असत. घर द्वारकाबाईंचे. त्या गावच्या अंगणवाडीत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या आणि उरलेला वेळ या दोघांशी बोलण्यात घालवायच्या.

कुत्रा मोठा शूर होता. बिबट्याचा वास आला तरी तो शेपूट घालत नसे. उलट अंगणाच्या टोकाला जाऊन असा भुंके, की बिबट्याच कंटाळून वाट बदली. भुंकून पळवता येणार नाही अशी एकही गोष्ट जगात नाही, असे त्याचे ठाम मत होते. मांजर त्याच्या मागाहून आली, तळहाताएवढी असताना. तिला तो धाकटी बहीण मानी आणि ती त्याला दादा म्हणे. ती चपळ होती, हुशार होती, माळ्यावर उंदरांना फिरकू देत नसे. पण आभाळ गडगडले की तिचे सगळे शहाणपण कुठल्या कुठे जाई. त्यात घरातली वीज गेली, तर मग विचारूच नका.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, मांजरीला अंधाराची कसली भीती? तिला तर काळोखातही दिसते. कुत्र्यालाही हेच कोडे पडले होते. त्याने एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अंधाराचं काही नाही रे दादा. मी रोज फ्रिजच्या मागे झोपते ना, त्याची घरघर ऐकत. ती एकदम थांबली की आपलंच घर परकं वाटायला लागतं."

कुत्र्याला ते काही नीटसे कळले नाही. त्याने अंगणातल्या कोंबड्याला विचारले. कोंबडा मान उंचावून हसला आणि म्हणाला, की वाघाची मावशी फ्रिजला बिलगून झोपते, ही बातमी तर उद्या पहाटे साऱ्या गावाला सांगायला हवी. कुत्र्याला फार वाईट वाटले. बहिणीचे असे हसे व्हायला नको, तिची भीती आता आपणच घालवायची, असे त्याने मनाशी ठरवले.

आश्विन लागला होता. भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या. एके दिवशी दुपार कलल्यावर डोंगरामागून काळे ढग वर आले, वारा सुटला, कौले खडखडली. एक वीज तर इतकी जवळ कडाडली, की गावाबाहेरची डीपीच उडाली. दिवा गेला, पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. मांजर एका झेपेत तांदळाच्या कणगीमागे शिरली.

द्वारकाबाई काड्यापेटी चाचपू लागल्या. त्या गडबडीत हाताचा धक्का लागून फळीवरचा पितळी डबा खाली पडला आणि घरभर दणका झाला. मांजर आणखी आत सरकली. बाईंना तिची दया आली. तिला पोटाशी घ्यावे म्हणून त्यांनी कणगीमागे हात घातला, तर मनगटावर ओरखडे उठले.

मग कुत्रा पुढे झाला. तो दारात पाय रोवून उभा राहिला आणि ढगांवर भुंकू लागला. ढग गडगडले, की तो त्यांच्यावर आवाज चढवी. थोडी शांतता झाली, की आपण जिंकलो असे त्याला वाटे. कणगीमागे बिचाऱ्या मांजरीला मात्र एकाऐवजी दोन-दोन ढग गडगडताना ऐकू येत होते, आणि त्यातला एक तर घरातच शिरला होता.

ढग काही हटत नाहीत असे पाहून कुत्रा आत आला. बाहेर काहीही नाही, तू फक्त येऊन बघ, असे त्याने तिला परोपरीने सांगितले. ती हलली नाही. तेव्हा, आई पिल्लाला धरते तशी, त्याने तिची मानगूट धरली आणि अलगद तिला ओढत आणले. त्याच वेळी बाईंनी परसातली लाकडे आत घ्यायला मागचे दार उघडले, आणि पुन्हा वीज कडाडली. मांजर त्याच्या तोंडातून निसटली ती थेट पावसात.

कुत्रा तिच्यामागे धावला. पावसाने सारे वास धुऊन नेले होते. त्याने गोठ्यामागे पाहिले, गवताच्या गंजीखाली पाहिले, बांध हुंगून काढले. मागे बाई डोक्यावर पदर घेऊन हाका मारत होत्या, त्या हाकाही हळूहळू ऐकू येईनाशा झाल्या. शेवटी तो रस्त्यापाशी आला. तिथे ओढ्याचे पाणी पलीकडे जावे म्हणून रस्त्याखाली सिमेंटचा पाइप घातला होता. त्याच्या तोंडाशी ओळखीचा वास होता. कुत्र्याने वाकून पाहिले. आत अडकलेल्या एका दगडावर मांजर अंग चोरून बसली होती, आणि दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होते. डोंगरावर पडलेला पाऊस अजून ओढ्यात उतरायचा होता.

"बाहेर ये," कुत्रा भुंकला.

पाइपात तो आवाज असा घुमला, की मांजर दगड सोडून आणखी आत, पुढच्या दगडावर गेली. तो पुन्हा भुंकला. ती पुन्हा मागे सरली. त्याने आणखी एकदा तोंड उघडले, आणि ते तसेच राहिले. आपण हाक मारली की ती जवळ येत नाही, लांब जाते, हे त्याला पहिल्यांदाच दिसले. आत शिरावे, तर ती घाबरून पलीकडच्या तोंडातून धबधब्यासारख्या पाण्यात पडणार. तिला वाचवायला त्याच्याजवळ एक भुंकणे होते, आणि तेच आता उपयोगाचे नव्हते.

त्याने मग जन्मात केले नव्हते ते केले. तो पाइपाच्या तोंडाशी, तिच्याकडे पाठ करून, वाहत्या पाण्यात बसला. वीज चमकली. घशाशी आलेले भुंकणे त्याने गिळून टाकले. पुन्हा चमकली, पुन्हा गिळले. पाणी त्याच्या पोटाला लागले. ती अजून आत आहे का, की गेली, हे वळून बघायला त्याची मान आसुसली होती. तो वळला नाही. शूर म्हणून गावात त्याचे नाव होते, पण इतके अवघड काम त्याच्यावर आजवर आले नव्हते.

बऱ्याच वेळाने त्याच्या शेपटीला काहीतरी ओले, गार टेकले. तो हलला नाही. मग थरथरणारे एक अंग त्याच्या कुशीला चिकटले. तेव्हा तो सावकाश उठला आणि पावलापावलाने घराकडे चालू लागला, आणि मांजर त्याच्या पोटाखालून त्याच्या चालीने चालू लागली.

द्वारकाबाईंनी कंदील लावला होता. भिजलेल्या दोघांना पाहून त्यांचे डोळे भरून आले, पण मनगटाकडे पाहून या वेळी त्यांनी हात आवरला. एक जुने लुगडे त्यांनी कणगीमागे सरकवून दिले आणि त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. मांजर पुन्हा कणगीमागे गेली. कुत्रा अलीकडे आडवा झाला, पाठ करून.

"दादा," थोड्या वेळाने आतून आवाज आला, "तू भुंकत होतास तेव्हा तू कुठे आहेस तेच मला कळत नव्हतं. गप्प बसलास, तेव्हा दिसलास."

"मग आता भीती गेली ना?" कुत्र्याने विचारले.

"नाही," मांजर म्हणाली. "पण पळून जावंसं वाटत नाही."

त्यानंतरही त्या हंगामात आभाळ पुष्कळदा गडगडले. ढग दिसले की बाई आधी मागचे दार लावून घेत, वीज जायच्या आत कंदील हाताशी ठेवत, आणि कणगीमागची जागा मोकळी आहे ना ते बघत. मग मांजरीला कोणी बोलवत नसे, कोणी ओढत नसे. कोंबड्याने एकदा खोचकपणे विचारले, की काय, झाली का बहीण शूर? कुत्रा म्हणाला, की नाही झाली, आणि झालीच पाहिजे असेही काही नाही.

एका संध्याकाळी वीज गेलेली होती, डोंगराच्या बाजूला अजून गडगडत होते, आणि मांजर आपल्या आपण कणगीमागून बाहेर आली. वाटीतले दूध तिने सावकाश संपवले, मिशा पुसल्या आणि परत जागेवर जाऊन बसली. कुत्र्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिले. शेपूट हलवायचा फार मोह झाला होता त्याला, पण तिने दचकू नये म्हणून तोही त्याने आवरला.

तात्पर्य : भ्यालेल्याची भीती ओढून काढता येत नाही. त्याला दडायला जागा द्यावी, आणि आपण गप्प राहून जवळ बसावे.