तळाचा घोट

"…पण मठात ही बाटली ठेवायचीच कशाला, बाबा?"

वामनबुवांचा आवाज तापला होता. व्यसनमुक्तीचा विषय निघाला की तो तापायचा, आणि तापला की गोड लागायचा. निदान त्यांना स्वतःला.

मठाधिपती बाबांसमोर हेरंब कोळपे अवघडून बसला होता. पंचक्रोशीतली माणसं पहिली काकडी, पहिला गूळ बाबांपुढे आणून ठेवत. हेरंबने बीअरचा कारखाना काढला होता. त्याने पहिली बाटली आणली.

"गव्हाची आहे, बाबा. बेल्जियमच्या पद्धतीची. संत्र्याची साल, धने…"

"धने?" बाबा म्हणाले. "म्हणजे आमटीच की."

बुवा हसले नाहीत. उद्या उत्सव. बाबांच्या आसनावर यापुढे कोण बसणार, ते आज ठरायचं होतं. बुवांच्या मते ते कधीच ठरलं होतं.

"मला हिचा वाससुद्धा ठाऊक नाही," ते म्हणाले. "जन्मात शिवलो नाही."

"बरं. मग हेरंबच पिईल. पण पाहुण्याला स्वतःच्या हाताने घ्यायला लावू नये. तू ओत."

हेरंबने झाकण उघडून दिलं. बुवांनी नाक मुरडून बाटली घेतली. काचेचा पेला तिरपा धरला. कडेने धार अलगद सोडली. थोडी उरली तसा हात थांबला. मनगट हळूच गोल फिरलं… पुन्हा फिरलं. तळाचा गाळ उठला, आणि बुवांनी तो फेसावर ओतून पेला हेरंबपुढे ठेवला.

हेरंब हरखला. "वा, बुवा! गाळ असाच घोळवून घ्यायचा असतो, खरी चव त्यातच. गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो मी. तुम्हाला कसं…"

त्याची नजर बुवांच्या मनगटावर अडकली.



बुवांना पुण्यातल्या भाच्याची गॅलरी आठवली. खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेली भगवी छाटी. "कशी आहे, मामा?" भाच्याने पेला हातात देऊन विचारलं होतं. आणि डोळे मिटून ते म्हणाले होते, "प्रसन्न." इतक्या मनापासून तो शब्द प्रवचनात कधी आला नव्हता.

बाटली खाली ठेवायची होती, पण बोटं सुटेनात. आता आवाज नाही, कान तापले होते.

बाबा फेसाकडे पाहत होते.

"बाबा… उद्या मी आसनावर… बसू नये ना?"

बाबांनी पेला हेरंबपुढून उचलला आणि बुवांच्या पुढ्यात सरकवला.

"बस की," ते म्हणाले. "हा समोर ठेवून बस."