एकवीस तुकड्यांचा राक्षस

फार फार वर्षांमागे सागाच्या रानाला लागून एक लहानसं राज्य होतं. राज्य लहान, पण तिथली खेळणी सात मुलखांत नावाजलेली. राजवाड्यामागच्या आळीत कातारी राहायचे. लाकूड फिरवायचं, तासायचं, त्यावर लाखेचे रंग चढवायचे आणि बैल, बाहुल्या, भोवरे, भातुकलीची भांडी घडवायची, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा.

त्याच आळीत येसाक्का राहायची. ती खेळणी करत नसे, पारखत असे. लहानपणी तापलेली लाख हातावर सांडली आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी झाली ती कायमचीच. पटाशी धरणं काही तिला जमेना. मग ती दुसऱ्यांनी केलेली खेळणी घेऊन ओट्यावर बसू लागली. चाक नीट फिरतं का, बाहुलीची मान निघून हातात येते का, कुठे बोटात कुसळ शिरतं का, सगळं बघायची. "माझ्या या बोटांना जमलं, ते कुठल्याही पोराला जमेल," असं ती म्हणे. तिने मान डोलावली की मगच खेळणं बाजारात जाई.

आळीतला सर्वांत कसबी कातारी म्हणजे म्हाळोजी. त्याच्या हाताखालून गेलेलं लाकूड लोण्यासारखं मऊ लागे. पण 'चुकलं' हा शब्द त्याला सहन होत नसे. बारा वर्षांपूर्वी येसाक्काने त्याचा एक घोडा परत पाठवला होता, चाक लटपटतं म्हणून. म्हाळोजी भर आळीत ओरडला, "जिला साधा भोवरा करता येत नाही, ती वाकड्या बोटांची बाई माझ्या कामाला नावं ठेवणार?"

लोक खो खो हसले. येसाक्का ओट्यावरून उठून घरात गेली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. म्हाळोजी आपली खेळणी परस्पर परगावी विकू लागला. रस्त्यात समोरासमोर आले, तर एक ही कड धरी, दुसरा ती.

आणि मग असं झालं, की राजाची सात वर्षांची मुलगी राक्षसाला घाबरू लागली. दाईने कधीतरी गोष्टीत राक्षस आणला होता, तो तिच्या मनातून जाईचना. पडदा हलला, आला राक्षस. भांडं पडलं, आला राक्षस. ती एकटी अंगणात जाईना, जेवताना आईचा पदर सोडीना. वैद्य झाले, अंगारेधुपारे झाले. राजाने वाड्यात 'राक्षस' हा शब्दच बंद करून टाकला. त्याने तर ती आणखीच घाबरली. मोठी माणसंसुद्धा ज्याचं नाव घेत नाहीत, तो केवढा असेल!

शेवटी म्हातारे दिवाणजी म्हणाले, "महाराज, जी वस्तू आपण आपल्या हातांनी जोडतो, तिची भीती फार दिवस टिकत नाही. राजकन्येला राक्षस जोडू द्या."

राजाने खूप विचार केला आणि दवंडी पिटली. सुट्या तुकड्यांचा राक्षस करून आणा. दसऱ्याच्या दरबारात राजकन्या तो स्वतः जोडील. ज्याचा राक्षस निवडला जाईल, त्याच्या खेळण्यांवर राजमुद्रा उमटेल.

निवडीचं काम दिवाणजींनी येसाक्काकडे सोपवलं. म्हणाले, "अक्का, चूक होऊन चालणार नाही. पोर अर्ध्यात अडली, तर आहे ती भीती दुप्पट होईल."

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा येसाक्कासमोर तीन पेट्या आल्या.

पहिल्या पेटीतला राक्षस सोन्याच्या वर्खाने मढवलेला होता. डोळ्यांत माणकं, गळ्यात मोत्यांची माळ. पण सगळं अंग आधीच सरसाने पक्कं चिकटवलेलं. फक्त डोकं तेवढं वरून ठेवायचं. "हा जोडायचा राक्षस नाही, नुसता बघायचा आहे," येसाक्का म्हणाली आणि तिने पेटी मिटली.

दुसऱ्या पेटीत सत्तर तुकडे होते. येसाक्काने तासभर खपून तो कमरेपर्यंत आणला. तेवढ्यात तिला शिंक आली. राक्षस खळ्‌कन खाली!

तिसऱ्या पेटीचं झाकण उघडताच तिला कळलं की हे काम म्हाळोजीचं. असं लाकूड दुसऱ्या कुणाचं असणार? तिचा हात क्षणभर मागे आला. पण काम ते काम. तिने पदर खोचला आणि एकवीस तुकडे चटईवर मांडले.

उखळासारखे दोन पाय. रांजणासारखं पोट. खवल्याखवल्यांचं तीन पेरांचं शेपूट. उघडमीट करणारा जबडा, त्यात बसवायची लाल जीभ आणि चार पांढरेशुभ्र सुळे. प्रत्येक तुकड्याची खुंटी दुसऱ्याच्या खोबणीत 'टक्' असा आवाज करून बसत होती. जोडता जोडता ती हे काम कुणाचं आहे तेच विसरली. तिला लहान झाल्यासारखं वाटू लागलं.

आणि मग हात अडला.

राक्षसाचे दोन्ही हात दिसायला अगदी सारखे होते. तिने उजवा हात डाव्या खांद्यात घातला. तो अर्धा आत गेला आणि गच्च बसला. पंजा उलटा, पाठीकडे. पुढे जाईना, मागे येईना. तिच्या बोटांत तेवढी ताकद कुठली? शेवटी तिने त्याला दोरी बांधली, राक्षसाच्या छातीवर पाय रोवला आणि ओढून काढला. मग योग्य हात योग्य खांद्यात गेले. शिंगं बसली, डोळे बसले आणि राक्षस उभा राहिला. हातात गदा, जबडा उघडा. इतका जिवंत, की येसाक्का दोन पावलं मागे सरली.

"वा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात दिवाणजी आले. "काय अक्का, कुठला निवडला?"

येसाक्काच्या मनात बरंच काही येऊन गेलं. खांद्याचा दोष सांगून ही पेटी बाद केली, तर कुणी तिला बोल लावणार नव्हतं. आणि दोष न सांगता हीच पेटी निवडली तर? भरल्या दरबारात हात अडकेल, म्हाळोजीची फजिती होईल आणि लोक त्याला हसतील, बारा वर्षांपूर्वी तिला हसले होते तसेच. तो हशा तिला आत्ताच ऐकू आला. खोटं कशाला, तिला तो गोडही लागला.

मग तिची नजर राक्षसाच्या पंजाकडे गेली. त्या पंजाशी झटणारी एक सात वर्षांची पोर तिला दिसली. हसणारे हसून घरी जातील. रडत बसेल ती पोर.

"तिसरा," येसाक्का म्हणाली. "पण तो अजून तयार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"आणि नाही झाला तर?"

"तर मी दरबारात उभी राहून सांगेन, पारख माझी चुकली. पुन्हा कधी ओट्यावर बसणार नाही."

पेटी काखोटीला मारून ती थेट म्हाळोजीच्या दारात गेली. तो कानस चालवत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला.

"पारखीणबाई! इकडे कुठे वाट चुकलात?"

"राक्षस फार चांगला झालाय, म्हाळोजी. असं काम मी जन्मात पाहिलं नाही. पण खांदा चुकलाय."

म्हाळोजीचा चेहरा लालबुंद झाला. "खांदा? माझ्या कामात? हजारदा जोडलाय मी तो!"

"मग अजून एकदा जोड," येसाक्का म्हणाली. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकत्र बांधली. "आता डोळे मीट. मी देईन तो तुकडा बसव."

म्हाळोजी रागाने धुमसत होता, पण मागे हटणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पाय बसले, पोट बसलं, छाती बसली. मग तिने त्याच्या हातात राक्षसाचा एक हात दिला. त्याने तो खांद्यात घातला. अर्धा गेला आणि अडकला. त्याने ओढला, पिळला, पुन्हा ओढला. कपाळावर घाम आला. डोळे उघडून पाहिलं, तर राक्षसाचा पंजा उलटा.

त्याने बोटांची चिंधी सोडली.

"कुठला हात कुठला, हे मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून मला कधी अडलंच नाही."

"पोरीला ठाऊक नाही."

"आता काय करू? मोडून टाकू सगळं?"

"मोडतोस कशाला! एक खुंटी चौकोनी कर, दुसरी गोल. खोबणीही तशाच. चुकीचा हात आत शिरणारच नाही."

म्हाळोजी तिच्याकडे पाहतच राहिला. मग चाचरत म्हणाला, "दिवाणजींचा निरोप होता, सुळे लहान करा, चेहरा हसरा करा म्हणून. करू का?"

"मुळीच नको! मांजर हातात देऊन कुणाची वाघाची भीती गेलीय? सुळे आहेत तेवढेच राहू देत. फक्त ते तिने तिच्या हातांनी बसवले पाहिजेत."

दोघं कामाला लागली. म्हाळोजी घडवी, येसाक्का जोडून बघे. "छाती घट्ट जाते," ती म्हणे. म्हाळोजी दातओठ खाई, पण कानस उचली. "शिंगाचं टोक टोचतं." पुन्हा कानस. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत येसाक्काने तो राक्षस सहा वेळा जोडला आणि सहा वेळा सोडवला. सहाव्या खेपेला तिने मान डोलावली.

दसऱ्याचा दरबार भरला. तोरणं लागली, सनई वाजली. राजकन्या राणीच्या पदराआड उभी होती. येसाक्काने तिच्यासमोर चटई अंथरली आणि पेटी उघडली. पोरीने पदराआडून डोकावून पाहिलं. लाकडाचे रंगीत तुकडे!

"हा कोण आहे?" तिने विचारलं.

"अजून कुणीच नाही, बाळ," येसाक्का म्हणाली. "तू जोडशील तेव्हा होईल."

राजकन्या चटईच्या कडेला बसली. तिने एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. त्यावर पोट ठेवलं. टक्! तिला आवाज आवडला. तिने छाती बसवली, शेपटाची पेरं एकात एक घातली. मग हात उचलला आणि नेमका चुकीच्या खांद्याला लावला. म्हाळोजीने श्वास रोखून धरला. हात आत जाईना. राजकन्येने खुंटीकडे पाहिलं, खोबणीकडे पाहिलं.

"हे चौकोनी आहे. ते गोल आहे!" ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने हात बदलला. टक्!

आता डोकं. जबडा. जीभ. मग तिच्या तळहातावर चार सुळे आले. तिने मूठ मिटली, पुन्हा उघडली. राणी पुढे व्हायला निघाली, तर राजाने तिचा हात धरला. पोरीने एक सुळा बसवला. दुसरा बसवला. तिसरा. चौथा. शिंगं लावली, डोळे बसवले, गदा हातात दिली आणि ती मागे सरकली.

राक्षस तिच्याकडे बघत उभा होता. ती राक्षसाकडे बघत बसली होती.

एकाएकी तिने हात पुढे केला, शिंगं धरली आणि त्याचं डोकं उपटून काढलं! खोबणीत वाकून पाहिलं, पुन्हा 'टक्' करून बसवलं आणि जी हसत सुटली, की सगळा दरबार तिच्यासोबत हसू लागला.

"आई, बघ! मीच केला! आणि खरा राक्षस आला ना, तर मी त्याचे हातच काढून ठेवीन!"

राक्षसाला काखेत घेऊन ती दरबारभर धावली. एकटीच! दिवाणजींच्या दाढीजवळ नेऊन तिने तो गुरगुरवला. दिवाणजी घाबरल्याचं सोंग करून खांबाआड लपले, तेव्हा तिने टाळ्या पिटल्या. राणीच्या डोळ्यांना धार लागली. ढोल वाजले, लोकांनी आपट्याची पानं उधळली.

राजाने म्हाळोजीला पुढे बोलावलं, शेला पांघरवला आणि राजमुद्रा त्याच्या हातावर ठेवली. म्हाळोजी ती घेऊन वळला आणि भर दरबारात येसाक्कासमोर जाऊन उभा राहिला.

"महाराज, माझा राक्षस परवापर्यंत लुळा होता," तो मोठ्याने म्हणाला. "त्याचे हात या बाईच्या बोटांनी सरळ केले. मी त्याच बोटांना भर आळीत हसलो होतो. अक्का, माझं चुकलं."

तो शब्द त्याच्या तोंडून आळीने पहिल्यांदाच ऐकला. येसाक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवशी कातारी आळीत दिवाळीआधीच दिवाळी झाली. दोघांना एकाच गाडीत बसवून वाजतगाजत घरी आणलं. राजाने राज्यातल्या प्रत्येक मुलासाठी तसा एकेक राक्षस करायला सांगितला, आणि राजमुद्रा उमटवायचं काम येसाक्काकडे दिलं. राजकन्या आता रोज अंगणात खेळायची, आणि लहान भावंडांना राक्षस कसा जोडायचा ते शिकवायची.

तात्पर्य: आपलं काम परक्या हातांनी जोखून घ्यायला लाजू नये, आणि वैऱ्याच्या कामातला दोषही हसण्यासाठी राखून ठेवू नये, वेळेवर सांगावा; खरं सांगणारा आणि खरं ऐकणारा एकत्र आले, की भीतीसुद्धा खेळणं होते.