वीतभर वरचा साचा

एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात नेमगोंडा नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. कॉम्प्युटरवर रेषा काढायची, मशीनच्या टूलला त्या रेषेची वाट दाखवायची, की टूल धातू कापत जायचं. एवढंच त्याचं काम. कोर्समध्ये तो पहिला आला होता. सांगितलेलं करायचं आणि 'का' विचारायचं नाही, हे तिथं फार छान शिकवत.

तो कामाला होता त्या बापूकाकांच्या शेडला सहा महिन्यांनी काम मिळालं. मोदकाचा साचा. एक गोल चकती आणि तिच्यात दोन खड्डे. काम देणाऱ्या मगदूमबाईंनी ॲल्युमिनियमचे चार ठोकळे आणून दिले.

"नेमू, हे काम गेलं तर शेडला कुलूप," काका म्हणाले. "रेषेवरनं चाल, बास."

नेमगोंडानं लक्षात ठेवलं. टूल बरोबर रेषेवरून गेलं. टूल होतं बोटभर जाड. त्यातलं अर्धं रेषेच्या आत गेलं आणि चकती बारकी झाली.

"अरे, टूलला अंग असतंय! रेषेच्या बाहेरनं जायचं!"

"व्हय काका."

नेमगोंडानं लक्षात ठेवलं. दुसऱ्या ठोकळ्यात चकती झकास आली. खड्डेही त्यानं रेषेच्या बाहेरूनच कापले. मोदक वांग्याएवढा झाला.

"तुम्हीच म्हणाला की, बाहेरनं!"

"ते चकतीला, शहाण्या! खड्ड्याला आतनं. आणि एकदा टूल धातूत उतरलं की काम संपेपर्यंत वर काढू नको, डाग पडतोय."

नेमगोंडानं लक्षात ठेवलं. तिसऱ्या ठोकळ्यात पहिला खड्डा सुरेख झाला. पण काम दोन खड्ड्यांचं होतं. टूल वर न काढता त्यानं तसंच दुसऱ्या खड्ड्याकडं नेलं. मधे पाट पडला. मोदक जुळे झाले.

काकांनी कपाळावर हात मारला. "आधी हवेत चालवून बघायचं असतंय रे! टूल वीतभर वर ठेवून! आता हा शेवटचा ठोकळा. बाईंना घेऊन येतो. ह्याच्यावर नको तिथं एक ओरखडा दिसला, तर तू आणि मी दोघं घरी."

"व्हय काका."

चार तास मशीन घरघरलं. काका बाईंना घेऊन आले. नेमगोंडा दारातच हसत उभा होता.

"एक चूक नाही काका! चकती बाहेरनं, खड्डे आतनं, मधे टूल उचललं. ओरखडासुद्धा नाही!"

काकांनी मशीनचं दार उघडलं. ठोकळा आणला तसाच चौकोनी, कोरा.

"साचा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"झालाय की बाई. ठोकळ्याच्या वीतभर वर बघा."

बाईंनी वाकून पाहिलं आणि हात पुढे केला.

नेमगोंडा घाईनं ओरडला, "जपून! कडा अजून घासायच्या राहिल्यात!"